तुला आठवत नसेल

घरात त्याला सगळे इंजिनियर म्हणायचे. खरं तर तो नळांचं आणि टाइल्सचं दुकान चालवायचा. पण लहानपणी एकदा त्यानं बंद पडलेला रेडिओ उघडून चालू केला होता, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा टीव्ही दिसेना झाला, की "इंजिनियरला बोलवा." तोही हातातलं काम टाकून यायचा. बरेचदा यंत्र नुसतं बंद करून चालू केलं तरी सुरू व्हायचं आणि शाबासकी त्याच्या पदरात पडायची.

त्याची ताई घरी बसून टायपिंगचं काम करायची. कोर्टातल्या सुनावण्यांची, कंपन्यांच्या बैठकांची रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकायची आणि शब्दन्‌शब्द उतरवून द्यायची. एका खिडकीत आवाज, दुसरीत मजकूर, तिसरीत शब्दकोश, नावं तपासायला उघडलेली इंटरनेटची पानंच पानं, त्यात मध्येच ऑफिसचा व्हिडिओ कॉल. एवढं सगळं एकदम चालवताना तिच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला धाप लागायची. अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हावा.

"नवाच घेऊ का रे?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का? रॅम कमी पडतेय त्याची. रॅम वाढवतो, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकतो. मग उघड हव्या तेवढ्या खिडक्या."

रविवारी सकाळी तो रॅमची नवी पट्टी घेऊन हजर झाला. ताई बाहेर गेली होती. आई स्वयंपाकघरात होती. वडील गेल्यापासून ती ताईकडेच राहायची. त्यानं कॅबिनेट आडवं करून उघडलं आणि पट्टी खाचेवर टेकवली. ती बसेना. पट्टीची खोबण एकीकडे, खाचेतला दात दुसरीकडे. दुकानदारानं विचारलं होतं, "कुठल्या पिढीची हवी? मदरबोर्ड कुठला आहे?" तेव्हा हा ऐटीत म्हणाला होता, "चालेल कुठलीही. मी बघतो." आता परत जाऊन विचारायचं म्हणजे नाक खाली. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. कडकन आवाज झाला आणि पट्टी आत गेली. बसली एकदाची, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि जळका वास सुटला.

त्यानं झटकन प्लग ओढला. जुनी पट्टी परत लावून पाहिली. काही नाही.

"काय रे जळतंय?" आई दारात उभी होती.

त्या क्षणी खरं बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, तू सकाळी हे पुसलंस का?"

"रोजच पुसते."

"ओल्या फडक्यानं?"

"छे! कोरड्या. ओलं मी फक्त ओट्याला घेते."

"पाणी गेलंय आत." तो तिच्याकडे न बघता स्क्रू गोळा करू लागला. "तुला आठवत नसेल."

आई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, "कोरडंच होतं रे." पण आवाजात मघाचा ठामपणा नव्हता.

ताई आली तेव्हा आईनंच तिला सांगितलं, "माझ्या हातून पाणी गेलं बहुतेक. तुझं काम अडलं गं." ताईनं तिला जवळ घेतलं. "असू दे आई, जुनाच होता तो." इंजिनियर शेजारी उभा होता. तो कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळू लागला.

कॉम्प्युटर तो स्वतः दुरुस्तीला घेऊन गेला. मेकॅनिकनं तडकलेली खाच बघून विचारलं, "हे कोणी कोंबलं?" तो म्हणाला, "काय माहीत. बहिणीकडे कोणीतरी आलं असेल." नवा बोर्ड, त्याला चालेल अशी रॅम आणि एसएसडी, सगळं त्यानं स्वतःच्या खिशातून बसवून घेतलं. जुन्या डिस्कवरचं ताईचं कामही सुखरूप निघालं. आता सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या तरी यंत्र हूं की चूं करत नव्हतं. ताईनं तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, "भाऊ असावा तर असा!" ते ऐकून त्याला वाटलं, हिनं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो तिकडे जायचं टाळू लागला. काही आठवड्यांनी ताईचा फोन आला, तेव्हा ती हळू आवाजात बोलत होती.

"आईचं काहीतरी बिनसलंय रे. ती गॅस पेटवत नाही. म्हणते, चालू ठेवून विसरले तर? औषधाची गोळी घेतली की मला विचारते, घेतली ना मी? काल भाजी आणायलाही गेली नाही, रस्ता चुकेन म्हणाली. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मला नेमका तेव्हा कॉल आहे. तू नेशील?"

"नेतो," तो म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. परीक्षेला बसल्यासारखी ती पुटपुटत होती. आजचा वार, महिना, ताईचा फोन नंबर. ते त्याला ऐकवेना.

"आई," तो म्हणाला, "फडकं कोरडंच होतं."

तिनं मान वळवली.

"मी चुकीची पट्टी दाबून बसवली. बोर्ड माझ्यामुळे जळला. तुझ्यामुळे काही झालं नव्हतं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिचा चेहरा आधी सैल पडला. मग तिचे डोळे भरले, ते रागानं. "माझं डोकं गेलं असं वाटलं मला," ती म्हणाली. "रोज रात्री पडल्या पडल्या मी माझ्या भावंडांची नावं म्हणायचे. आणि तुला माहीत होतं?"

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

"चल परत जाऊ," तो म्हणाला.

"का? आत चल. डॉक्टरांनाही सांग."

आत डॉक्टरबाईंनी विचारलं, "बोला आजी, काय होतंय?"

"मला काही होत नाहीये. याला विचारा."

त्यानं सांगितलं. रॅम, खाच, फडकं, सगळं. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "मग तपासायची गरज नाही ना?"

"तपासा," आई म्हणाली. "माझं ठीक आहे हे मला कुणाकडून तरी ऐकायचंय."

सगळं ठीक निघालं. एका प्रश्नाला तर आईनं डॉक्टरबाईंचीच चूक दाखवली आणि त्या हसल्या. आई हसली नाही.

जिना उतरताना त्यानं हात पुढे केला. तिनं कठडा धरला. खाली आल्यावर ती म्हणाली, "ताईला संध्याकाळी तूच सांग. मी समोर बसेन." आणि घरचा रस्ता धरून त्याच्यापुढे चालू लागली.