सूर्यमाळच्या तुंब्याने पाहिलेली शहरे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर मी कधी रेलगाडीत बसलो असेन असे तुम्हाला मुळीच वाटणार नाही. मी सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा जुना तुंबा आहे. कडू भोपळा वेलावर पुरता वाळला, की त्याचे तोंड कापून आतला गर आणि बिया काढून टाकतात. मग राहते ते पोकळ, लाकडासारखे टणक कवच. तोच मी. माझ्या मानेला सुतळीची दोरी आहे. ती पोशीने वळली. पोशी म्हणजे सोम्याची बायको आणि चैतीची आई.

माझ्यातले पाणी भर उन्हातही गार राहायचे. सोम्या नाचणीच्या रानात जाताना मला खांद्याला लावायचा. आठ वर्षांची चैती दिवसातून दहादा धावत यायची आणि मला दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची. तिचे ओठ सदा थोडे फाटलेले असत. मला ते ओळखीचे झाले होते.

तेव्हा जव्हारला राजेसाहेबांचे राज्य होते. कार्तिकाचा महिना होता. नाचणी खळ्यावर आली होती. एका सकाळी जंगलातून एक कोल्हा सरळ खळ्यावर आला. तो माणसांना भ्याला नाही, उलट अंगावर धावला. आधी त्याने म्हाताऱ्या सुकऱ्याचा हात धरला, मग चैतीची पोटरी. लोकांनी त्याला काठ्यांनी मारले. त्याच्या तोंडाला फेस होता.

सोम्याने चैतीला पाठीवर घेतले आणि दोन दिवस चालून जव्हारचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखम धुतली.

"याची दवा इथं नाही," ते म्हणाले. "लांब दक्षिणेत निळा डोंगर आहे, तिथं कुन्नूरला आहे. दरबार गाडीचा पास देईल. पण लौकर जायला हवं."

"आन नाय गेलो तर, सायेब?"

"एक दिवस पोरगी पाणी बघून घाबरेल. पाणी घशाखाली उतरणार नाही. त्यानंतर जगात कुणाच्या हाती काही नाही."

मित्रांनो, मी तेव्हा सोम्याच्या खांद्यावर होतो, पाण्याने काठोकाठ भरलेला. त्या शब्दांनी मला जी धास्ती बसली, ती मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून चैतीचे ओठ माझ्याजवळ आले, की मी मनात म्हणायचो, पी गं बाई, पी.

सोम्याने पाड्यावर निरोप धाडला, की सुकऱ्यानेही यावे. सुकऱ्याचे उत्तर आले, "परमुलखात कोण आपला? शेरातली माणसं माणसाला वळखत नाय. मी मरेन तर हितं मरेन." तो भगताकडे गेला आणि पाड्यावरच राहिला.

दरबारचा शिपाई मधु बैलगाडीतून आम्हाला डहाणूला घेऊन आला. त्याने डॉक्टरांचे पत्र सोम्याच्या मुंडाशात खोचले, आम्हाला गाडीत बसवले आणि तो परत फिरला. सोम्याला एक अक्षर वाचता येत नव्हते. त्याची बोली डहाणूच्या बाजारातच लोकांना परकी वाटे.

मुंबईत उतरलो. एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनाला, बोरीबंदरला, पायी जायचे होते. सोम्याने कितीतरी माणसांना वाट विचारली. एकही माणूस थांबला नाही. चालता चालता हात दाखवायचे आणि पुढे जायचे. कुणी चैतीच्या पायावरची पट्टी पाहिली नाही. विजेवर चालणारी ट्राम घंटा वाजवत अगदी अंगाजवळून गेली तेव्हा चैती रडू लागली, तरी कुणी मान वळवली नाही. सुकऱ्याचे खरे होते, असे मला वाटले.

मी रिकामा झालो होतो. एका गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता आणि घागरी घेतलेल्या बायकांची मोठी रांग होती. सोम्या पुढे झाला, तशी एक गिरणीत जाणारी बाई कडाडली, "ए मुंडासंवाल्या! रांग दिसत नाय व्हय?"

सोम्या मागे सरला. त्याच्या पाठीवरची चैती म्हणाली, "बा, तहान लागली." त्या बाईने तेव्हा वर पाहिले. तिची नजर पट्टीवर गेली. तिने मला सोम्याच्या हातून हिसकावले, नळाखालची घागर लाथेने बाजूला सारली आणि मला तोंडापर्यंत भरले. मागच्या बायकांनी आरडाओरडा केला.

"गौरे, आमी काय उगाच उभ्या हाओत?"

"पोर आजारी हाय, दिसत नाय? सरका!"

मला सोम्याच्या छातीवर आपटून तिने आपली घागर उचलली. आम्ही कोण, कुठले, पोरीला काय झाले, तिने काहीच विचारले नाही. भोंगा झाला होता आणि ती निघून गेली. चैती पाणी प्यायली.

पुण्याच्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. आमच्या डब्यात लाल पगडीचे एक वृद्ध गृहस्थ चढले. इतके गोड बोलणारे माणूस मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी सोम्याला नाव विचारले, गाव विचारले, पोरीची सगळी हकीकत ऐकून घेतली. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी पत्र पाहायला मागितले आणि मला लाज वाटली. सोम्याने उशाला घेतलेल्या मुंडाशावर माझ्या तोंडून पाणी सांडले होते आणि पाकिटावरची शाई फुटली होती. पत्ता कुणालाच लागला नसता. गृहस्थांनी चष्मा लावून एकेक अक्षर जुळवले आणि एका कागदावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहून दिले, की या माणसाला अमुक गाडीत बसवा, अमुक ठिकाणी उतरवा.

"हा कागद जपून ठेव," ते म्हणाले. "विचारायची वेळ आली, की हाच दाखव."

तेवढ्यात चैतीने पाणी मागितले. मी पुन्हा रिकामा होतो. गृहस्थांच्या मांडीशी फिरकीचा पितळी तांब्या होता, भरलेला. ते एकदा तांब्याकडे पाहत राहिले, एकदा चैतीकडे. मग मान खाली घालून म्हणाले, "पाणी तिकडे आहे बाळ, फलाटाच्या टोकाला."

सोम्या मला घेऊन धावला. मी भरत असतानाच शिटी झाली. आम्ही परत धावत आलो तेव्हा ते वृद्ध गृहस्थ डब्याच्या दारात उभे राहून, छत्री हलवत गार्डला ओरडत होते, "थांबा! त्याची मुलगी आत आहे! थांबा!" त्यांची पगडी खाली पडली होती. त्यांनीच सोम्याला हात देऊन वर ओढले. मग ते आपल्या जागी जाऊन बसले आणि सोलापुरापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. तांब्याला त्यांनीही तोंड लावले नाही.

रायचूर मागे पडल्यावर एक प्रसंग घडला. सोम्याने मला चैतीच्या तोंडाशी धरले आणि तिने मान फिरवली.

"नको."

"पी थोडं."

"नको बा! नको!" तिने मला दोन्ही हातांनी ढकलले.

सोम्याचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्यातले पाणी त्याच्याच मांडीवर सांडत होते, ते त्याला कळले नाही. त्याने विचारले, "भ्या वाटतं का गं तुला?"

"भ्या नाय," चैती म्हणाली. "वास येतो पाण्याला."

पुण्यापासूनच्या उन्हाने माझ्यातले पाणी खरोखरच उतरले होते. पुढच्या स्टेशनावर सोम्याने मला तीनदा खळबळून धुतले आणि ताजे पाणी भरले. चैती ते घटाघटा प्यायली. सोम्या तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होते. ते माझ्यातले नव्हते.

मग मद्रास आले. तिथे मात्र सगळे हसत होते! सोम्याच्या मुंडाशाला हसले, माझ्या आकाराला हसले, पण त्या हसण्यात काटा नव्हता. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. चैतीने अंगठा तोंडाशी नेला, तशी फुले विकणाऱ्या एका म्हातारीने तिला पाणी पाजले, गाल कुरवाळला आणि केसांत मोगरा माळला. सोम्याला फार बरे वाटले. इथे कागद कशाला दाखवायचा, असे वाटून त्याने तोंडानेच विचारले, "कुनूर? कुनूर?"

लोकांनी आनंदाने हात दाखवला. एकाने तर बरोबर चालून वळणापर्यंत सोडले. पुढच्याने केळे दिले आणि तोच रस्ता दाखवला. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललो आणि शेवटी समुद्राच्या वाळूत येऊन उभे राहिलो.

"बा," चैतीने विचारले, "डोंगर कुठं हाय?"

एन्नूर नावाचे एक गाव त्या शहराच्या अंगाला समुद्राकाठी आहे. त्या भल्या माणसांनी सोम्याच्या तोंडून तेच ऐकले होते. सगळ्यांनी इतक्या मायेने आम्हाला चुकीच्या वाटेला लावले आणि जवळजवळ एक दिवस गेला. आमच्याजवळ दिवस थोडे होते.

परत स्टेशनात आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आता सोम्याने कागद काढून एका हमालापुढे धरला. हमाल काळा, आडदांड, कपाळाला आठ्या पडलेला होता. त्याने तो कागद एका बाबूकडून वाचून घेतला आणि सोम्याचा दंड असा आवळला, की सोम्याला तो पोलीस वाटला. ओढत, ढकलत, खेकसत त्याने आम्हाला तीन फलाट ओलांडून नेले आणि एका डब्यात कोंबले. मग माझी दोरी सोम्याच्या खांद्यावरून ओढून काढली आणि मला घेऊन तो पळाला.

"माझा तुंबा!" सोम्या ओरडला. गाडी हलली. चोराच्या हाती गेलो, असे मलाही वाटले. पण हमाल नळाशी थांबला, मला भरले आणि चालत्या गाडीबरोबर धावत येऊन खिडकीतून मला आत लोटले. तेव्हाही त्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

आम्ही कुन्नूरला वेळेत पोचलो. चैतीच्या पोटात रोज सुई टोचत आणि ती सोम्याचा अंगठा चावत असे. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी तिला स्वतः पेला भरून पाणी दिले आणि ती हसत प्यायली.

घरी आलो तेव्हा पोशी पाड्याच्या वाटेवरच उभी होती. चैतीला पोटाशी धरून ती रडली. मग तिने सुकऱ्याचे सांगितले. तो गेल्या आठवड्यात गेला होता. शेवटी बायका डोक्यावर हंडा घेऊन दारावरून गेल्या, तरी तो किंचाळत असे.

त्या हिवाळ्यात लोक शेकोटीशी सोम्याला विचारीत, "कुठल्या शेरातली माणसं चांगली रं?" सोम्या रंगवून सांगे. मुंबईची तुसडी, पुण्याची गोड, मद्रासची हसरी. शेवटी तो म्हणे, "पर आपल्या पाड्यासारखी माणसं कुठं नाय." मलाही ते पटत असे.

मग वैशाख आला. सूर्यमाळची झरी आटली. बायका पहाटेपासून खडकातल्या खळग्याशी वाटीवाटीने पाणी गोळा करीत. मुंबईत मरीची साथ आहे, अशीही बातमी होती. अशा एका दुपारी एक म्हातारा कल्हईवाला भाता पाठीवर घेऊन पाड्यावर आला. तो नाशिकाकडे निघाला होता.

"मुंबईहून येतोय," त्याने पहिल्याच दारात खरे सांगितले. "घोटभर पाणी द्या."

दार लागले. मग दुसरे, मग तिसरे. तो आमच्या दाराशी आला तेव्हा सोम्या उठत होता. पोशीने त्याचा हात धरला आणि ती हळूच म्हणाली, "पोर जगवून आणलीस, आता घरात मरी आणतोस का?"

ती वाईट बाई नव्हती, मित्रांनो. ती भ्याली होती. सोम्या खाली बसला. त्याने माझ्यावर सूप पालथे घातले. माझ्या पोटात पाणी होते आणि बाहेर तो माणूस म्हणत होता, "कुणी आहे का?" त्याने तीनदा विचारले. मग त्याच्या काठीचा आवाज दूर गेला.

थोड्या वेळाने चैतीने विचारले, "बा, तुंब्यात पाणी हाय ना?"

सोम्याने सूप उचलले, मला घेतले आणि तो उतारावरून धावत सुटला. कल्हईवाल्याने मागून पावले ऐकली. कुणी मारायला येते आहे असे समजून तो लटपटत पळू लागला. एक माणूस पाणी घेऊन धावतो आहे आणि दुसरा जीव घेऊन पळतो आहे, हे मी पाहिले.

"थांबा बाबा!" सोम्या ओरडत होता. "पाणी हाय! पाणी!"

म्हातारा करवंदीच्या जाळीशी धापा टाकत बसला. सोम्याने मला त्याच्या हातात दिले. त्याने मला उंच धरले आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

सोम्या मान खाली घालून म्हणाला, "मी घरातच व्हतो, बाबा."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "कुडाच्या फटीतून दिसलात." त्याने तोंड पुसले आणि मला परत दिले. "पाणी गार आहे तुमचं."

त्यानंतर सोम्याला कुणी शहरांचे विचारले, की तो फक्त गौराबाईचे, पगडीवाल्याचे, फुलवाल्या म्हातारीचे आणि हमालाचे सांगे. शहराला नाव ठेवायचे त्याने सोडून दिले.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे, माझ्या अंगाला भेग गेली आहे आणि माझ्यात पाणी ठरत नाही. तुमच्या घरी तुंबा असेल, मडके असेल, नळ असेल. दारात कुणी परका उभा राहिला, तर तो कुठल्या गावचा हे नंतर विचारा. आणि आत श्वास रोखून गप्प बसू नका. तुम्ही त्याला दिसत असता.