मंगळवारचे कपडे

शहागंजात फोटो काढायचा असेल तर तो आधी काढावा आणि मग सांगावं. झेबानं नेमकं उलटं केलं. सोमवारी संध्याकाळी ती शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून आपल्या दुकानापर्यंत प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबली आणि विनवून सांगत गेली, "उद्या मी सगळ्यांचे फोटो काढणार आहे. रोज जसे येता तसेच या हं." शेवटचं वाक्य कुणाच्याही कानात शिरलं नाही. फोटो म्हटल्यावर पुढचं ऐकून घ्यायची या गल्लीत रीतच नाही.

प्रकरण असं होतं. फोनवर काही मुलामुलींचा एक ग्रुप होता. कुणी सोलचं, कुणी कोपनहेगनचं, कुणी नेपल्सचं, कुणी डकारचं. महिन्यातल्या एका मंगळवारी प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या रस्त्यावरची माणसं टिपायची, अंगावर जे असेल त्यात, आणि तो कपडा कुठून आला ते दोन ओळींत लिहायचं. मंगळवार अशासाठी, की मंगळवारी जगात कुणी नटत नाही. रविवारला मान आहे, शुक्रवारला मान आहे, मंगळवार आपला बिचारा कामाचा गडी.

झेबा शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि डबा खाताना हे फोटो बघत राहायची. कोपनहेगनला सगळी माणसं काळ्या कपड्यांत, मयतीला निघाल्यासारखी, पण सायकलवर आणि हसत. सोलला प्रेमात पडलेली पोरगा-पोरगी एकसारखे स्वेटर घालून हिंडतात. नेपल्सचे म्हातारे दूध आणायला निघाले तरी कडक इस्त्रीचा शर्ट, वर कोट नुसता खांद्यावर टाकलेला, बाह्या रिकाम्या लोंबताहेत. आणि डकारच्या बसस्टॉपवर एक माणूस असा ऐसपैस, खळ घातलेला झगा घालून उभा होता, की बसमध्ये आधी झगा चढणार आणि मागून तो, हे दिसतच होतं.

एक दिवस झेबानंही धीर करून एक फोटो पाठवला. सिग्नलला थांबलेल्या स्कूटीवरच्या मुली. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर गॉगल, पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, चपलेत अंगठ्याचे मोजे. ग्रुप वेडा झाला. "ही तुमच्या शहरातली कुठली फौज?" नेपल्सच्या पोरानं विचारलं. "फौज नाही, बीकॉमच्या मुली आहेत," झेबानं कळवलं. "ऊन लागू नये म्हणून."

त्यावरून तिला बोलावणं आलं. आमच्यात ये, पण तुझ्या स्वतःच्या रस्त्यावरची, तुझ्या माहितीची माणसं दाखव, तोंड दिसणारी. येत्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत फोटो आले तर तुझं शहर आत, नाहीतर दुसरं एक शहर वाट बघतंय.

झेबाला हे हवंच होतं, आणि त्याचं कारण तिचे अब्बा होते. अन्सारभाईंचं मॅचिंग सेंटर म्हणजे अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, आणि मागच्या खोलीत ओढण्या रंगवायची पातेली. दुकानाला नाव बायकोचं, 'गुलशन'. लहानपणी झेबा शाळेतून आली की बापलेक स्टुलावर बसून रस्ता बघायचे. "वो देख," अब्बा हळूच म्हणायचे, "ओढणी बहिणीची उचलून आणलीय, चप्पल मात्र स्वतःची." अब्बांच्या स्वतःच्या अंगावर मात्र कायम फिक्या निळ्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एकाच ताग्यातून ढिगानं शिवून घेतलेले. कॉलर मागून जराशी उभी राहिलेली, खिशाला पेन.

दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. त्यांचा धड असा एकच फोटो, काउंटरच्या काचेखाली ठेवलेला. त्यात त्यांनी भावाची शेरवानी घातलीय, आणि चेहरा असा केलाय, जणू कुणी दटावून उभं केलंय. तो फोटो पाहिला की झेबाला परका माणूस पाहिल्यासारखं व्हायचं. निळ्या शर्टातला एकही फोटो नव्हता. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढून ठेवतं? निदान अब्बांचा रस्ता तरी त्या ग्रुपमध्ये जावा, एवढंच तिच्या मनात होतं.

मंगळवारी तिनं सुट्टी टाकली आणि सकाळी रस्त्यावर आली, तर शहागंजात वरात उतरलेली.

चहावाले जावेदचाचा लेकाच्या लग्नाच्या वलीम्यातली सोनेरी शेरवानी घालून स्टोव्हला पंप मारत होते. कोथिंबीर विकणाऱ्या चतुराबाईंनी पैठणी नेसली होती, नाकात नथ, डोक्यात गजरा, आणि जुड्यांवर पाणी शिंपडताना काठ भिजू नये म्हणून हात असा लांब धरलेला. बॅगा दुरुस्त करणारा गोकुळ ब्लेझर घालून सुई ओवत बसला होता. ब्लेझरच्या बाहीवरचं कंपनीचं लेबल त्यानं उसवलं नव्हतं, कारण दिसायला पाहिजे.

झेबानं कपाळावर हात मारून घेतला. "मी काय सांगितलं होतं? रोजचे कपडे म्हणाले होते मी! रोजचे!"

"व्हय, मग?" चतुराबाई म्हणाल्या. "परदेशात जाणार ना फोटू? तिकडचे लोक म्हंतील, हिथल्या बायांना नेसायला धड लुगडं बी नाय."

"मावशी, त्यांना तुमचं रोजचंच लुगडं बघायचंय."

"बघायचं आसंल तर हिकडं यावं. फोटूत नाय."

"जावेदचाचा, तुम्ही तरी."

"बेटा, मेरा फोटू रोज निकलता क्या?" जावेदचाचा शेरवानीची कॉलर सैल करत म्हणाले. "उद्या मी गेलो तर पोरं हाच मोठा करून ठेवतील. घामट बनियनमधला ठेवू देऊ?"

झेबा आणखी चिडली. गोकुळला म्हणाली, निदान ब्लेझर तरी काढ. तो म्हणाला, काढला असता, पण आतल्या शर्टाला बाह्याच नाहीत. सगळे हसले. झेबा पाय आपटत दुकानात आली, आणि आत अम्मी ईदचा जोडा घालून, डोळ्यांत सुरमा घालून, काउंटरमागं ताठ बसलेली.

"मेरा भी निकाल," अम्मी म्हणाली.

झेबा स्टुलावर बसली आणि तिला रडूच आलं. "अम्मी, तू पण? संध्याकाळपर्यंत एक तरी खरा माणूस पाहिजे मला. या रस्त्यावर एकही मिळेना. सगळे शेरवानीत."

शेरवानीचं नाव निघालं तशी अम्मीची नजर काचेखाली गेली. ती ओढणीच्या टोकानं काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

"ते निळ्या शर्टावरच निघाले होते, मालूम है?" ती म्हणाली. "तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला. मीच अडवलं. म्हटलं, लोग क्या बोलेंगे. भाईकडून उसनी आणून जबरदस्तीनं चढवली. दिवसभर गळ्याला टोचतंय म्हणत होते. आणि फोटो निघाला तो तेवढाच."

झेबानं मान वर करून पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. अम्मी आणखी काही बोलेल असं वाटलं, पण ती उठली. "ओढण्या पडल्यात रंगवायच्या," असं म्हणत मागच्या खोलीत गेली आणि ईदचा जोडा उतरवून कामाचे कपडे घालायला लागली.

आता अम्मीच्या कामाच्या कपड्यांत एक गोष्ट होती, जी घरातल्या दोघींनाच ठाऊक होती. अंगावर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ती कमीजवर अब्बांचा निळा शर्ट घालायची. मागच्या खोलीत खुंटीवर तो टांगलेला असायचा. बाहेर गिऱ्हाइकाचा आवाज आला, की शर्ट काढून खुंटीवर, ओढणी डोक्यावर, आणि मगच अम्मी काउंटरवर. झेबानं एकदा तिचा तसा फोटो काढायला फोन उचलला होता, तर अम्मी केवढ्यांदा ओरडली होती. ते चारचौघांत दाखवायचं नव्हतं. झेबाही पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

दुपार कलायला लागली. ग्रुपवर फोटो यायला सुरुवात झाली होती. नेपल्सचा म्हातारा आज लिंबू घेऊन निघाला होता. डकारची एक शिक्षिका पिवळ्याधमक झग्यात शाळेच्या फाटकात उभी होती. झेबानं फोन उलटा ठेवला. आपलं शहर गेल्यात जमा आहे हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली आणि दगडाबाई उतरल्या. चितेगावच्या जुन्या गिऱ्हाईक, अब्बांच्या वेळेपासूनच्या. पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि साडीला फॉल मिळाला नव्हता. त्या कापसाच्या रानातून तशाच निघालेल्या. साडीवर गड्याचा चौकड्याचा फुल बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्याला टॉवेल, आणि टॉवेलवर कापसाचे दोन-चार धागे चिकटलेले.

झेबा स्टुलावरून उडालीच. "मावशी! हलू नका! फोटो काढते."

"अगं बया!" दगडाबाईंनी आधी शर्टाकडं पाहिलं आणि मग घाईघाईनं वरचं बटण सोडलं. "हे अंगावरच राह्यलं की. थांब, काढते."

"नका काढू, मावशी, पाया पडते तुमच्या. असाच पाहिजे."

"ह्यो? ह्यो आमच्या मालकांचा हाय गं, कडुबांचा. पऱ्हाटीनं हात लई खरचटत्यात, म्हणून घालते. त्यांना नवा आला की जुना मला." खिशात हात घालून त्यांनी तंबाखूची एक चपटी पुडी काढली आणि खो खो हसल्या. "हे बघ. सकाळपासनं धुंडाळतोय गडी." मग एकदम त्यांनी सोडलेलं बटण पुन्हा लावून टाकलं. "काढ तू. लाज कशाची? नवऱ्याचाच तर हाय. उसना थोडाच आणलाय!"

मागच्या खोलीत पातेल्यात काठी फिरवल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

झेबानं फोन वर धरला. दगडाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या, दोन्ही हात सरळ खाली, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. बाहेर चतुराबाई आणि गोकुळ मान उंच करून बघायला आले. आणि मागचा पडदा सरकला.

अम्मी बाहेर आली. अंगावर निळा शर्ट होता. बाहीवर हिरवे-गुलाबी डाग, कोपरापर्यंत हात रंगलेले, खिशाला अजून ते पेन. शर्ट काढायला ती विसरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं. काउंटरला वळसा घालून ती सरळ पायरीवर गेली आणि दगडाबाईंच्या शेजारी उभी राहिली.

"गुलशनभाभी," दगडाबाई तिच्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "भाईंचा ना ह्यो?"

"हौ," अम्मी म्हणाली.

रस्त्यापलीकडून जावेदचाचांनीही पाहिलं होतं. त्यांच्या हातातली किटली तशीच राहिली. "अन्सारभाई का शर्ट है ये तो," ते म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.

अम्मीनं मानेमागं हात नेऊन कॉलर नीट बसवली. ती बसली नाही, जराशी उभीच राहिली. "निकाल," ती झेबाला म्हणाली. "जल्दी. माझ्या ओढण्या जास्त रंग धरतील."

झेबाला फोनमध्ये काही दिसत नव्हतं, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. तिनं अंदाजानं बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं, मग बाहीनं डोळे पुसून पुन्हा दाबलं.

त्यानंतर रस्ता थोडा ताळ्यावर आला. शेरवानीत स्टोव्हपुढं भाजून निघालेले जावेदचाचा बनियनवर आले आणि म्हणाले, चल, काढ, काय व्हायचं ते होऊ दे. गोकुळनं बिनबाह्यांचा शर्ट दाखवला. चतुराबाई मात्र पैठणीतच राहिल्या. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

सूर्य घड्याळाच्या मागं गेला तेव्हा फोटो ग्रुपवर पोचले होते. थोड्याच वेळात सोलची मुलगी विचारत आली, "पायरीवरच्या दोघींचे शर्ट कुठं मिळतात? आमच्याकडे असे ढगळ शर्ट मुली मुद्दाम शोधून विकत घेतात."

झेबानं लिहिलं, "विकत मिळत नाहीत. त्यासाठी लग्न करून पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागतं."

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारची तारीख त्यांनी तिला लगेच कळवून टाकली.

शेजारच्या स्टुडिओतून झेबानं तो फोटो छापून आणला. रंगवायचं काम अर्धवट टाकून आलेल्या अम्मीनं काउंटरची काच उचलली, शेरवानीतला फोटो जरा बाजूला सरकवला आणि नवा त्याच्या शेजारी ठेवला. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. फोटोतल्या खिशावरच्या पेनवर तिनं बोट ठेवलं.

"अब हुआ देख," ती म्हणाली, "हम दोनों का फोटू."

बाहेरून कुणीतरी आवाज दिला, मोरपंखी अस्तर आहे का. अम्मीचा हात सवयीनं वरच्या बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला. "आहे, आहे, या ना," असं म्हणत ती तशीच, शर्ट अंगात ठेवून, गिऱ्हाइकासमोर जाऊन उभी राहिली.