टेकडीमागची महागोफण

मुलीने खुर्ची ओढली आणि ती बाबांच्या शेजारी येऊन बसली. "आज मी बघणार, तुम्ही कसे हरता ते."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?" बाबा म्हणाले. "हरणं म्हणजे आपल्या हातचा मळ."

बाबा निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या थोरल्या मुलाने आणि या मुलीने मिळून संगणकावरच्या एका जुन्या युद्धाच्या खेळाला नवं रूप द्यायला घेतलं होतं. त्याला मॉड म्हणतात म्हणे. मूळ खेळात माणसांच्या फौजा होत्या, यांनी त्यात राक्षस आणि बुटके आणले. किल्ल्याच्या वेढ्यातली यंत्रं बनवायचं काम थोरल्याकडे होतं. त्यातली महागोफण त्याची लाडकी. वासराएवढा दगड तटावर भिरकावणारी, पाच बुटक्यांनी दोर ओढून चालवायची. ती पुरी झाली आणि साध्या तापाचं निमित्त होऊन थोरला गेला. उरलेलं काम मुलगी आणि तिचा मित्र जाड्या रेटत होते. गोफणीची तपासणी बाबांनी मागून घेतली होती.

सकाळीच जाड्याचा फोन येऊन गेला होता. "काका, तुमच्या गोफणीनं आजवर एकदाही तट पडला नाही. नाकापेक्षा मोती जड कशाला? संध्याकाळी काढून टाकतो."

बाबा "बरं" म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यापासून ते संगणकापुढून उठले नव्हते. गोफणीवरच्या बुटक्यांच्या नाईकाला थोरल्याचा आवाज होता. याच खोलीत डोक्यावर घोंगडी घेऊन त्याने तो भरला होता. गोफण गेली की आवाज गेला. आणि ती पुढे नेली, तर नाईकाला बाण लागणार. मरताना प्रत्येक बुटका ओरडतो, तसा तोही ओरडणार. इकडे आड, तिकडे विहीर.

लढाई सुरू झाली. राक्षस तटाला भिडले आणि पटापट पडू लागले.

"बाबा, गोफण टेकडीमागे कशाला?"

"तिकडं बाण पडतात गं."

"पडणारच. वेढा आहे तो, सहल नव्हे." ती हसली, आणि मग तिचं हसू विरलं. "रोज हेच करता?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मला वाटायचं, तुम्हाला खेळता येत नाही."

"ते तर येतच नाही."

मग ती हळूच म्हणाली, "दादानं ती तट पाडायला केली, बाबा. अशी झाकून ठेवलीत, तर जाड्या काढणारच."

"त्याचं ते ओरडणं तू ऐकलंस?"

"मीच बसवलंय ते."

बाबांनी चष्मा चढवला. माऊस दोनदा चुकीच्या जागी टेकला. अखेर चाकं करकरली आणि गोफण टेकडी ओलांडून उतरली.

"ओढा रे, जीव लावून ओढा!" थोरला ओरडला.

पहिला दगड खंदकात गेला. दुसऱ्याने तटाला तडा पाडला. तेवढ्यात वरून बाण आले आणि नाईक कोसळला. "मेलो गं आई!" आणि त्या आरोळीच्या शेपटाला, दाबता दाबता निसटलेली, हसण्याची एक उबळ.

बाबा मुलीकडे वळले. "हसला का गं तो?"

"किती वेळा भरलं! दर वेळी मरता मरता हसायचा मेला. हेच त्यातल्या त्यात बरं निघालं." ती खाली बघत होती. "शेवट कापायला माझा हात धजला नाही."

चार बुटके दोर धरून उभे होते. "नाईक नसला की हळू ओढतात," ती म्हणाली.

"ओढू देत."

दगड सुटला. तट धुरळ्यात खाली बसला. मुलीने टाळी वाजवली आणि जाड्याला फोन लावायला उठली. बाबांनी मात्र तटाकडे पाहिलंच नाही. ते पडलेल्या नाईकाकडे बघत होते.

"परत एकदा लावू का गं?"

"पडला की तट! आता कशाला?"

"नाही, ते शेवटचं… मला नीट ऐकू आलं नाही."

ती फोन तसाच हातात धरून पुन्हा खुर्चीत बसली. बाबांनी लढाई नव्याने मांडली आणि सगळ्यांच्या आधी गोफण पुढे काढली.