पंधरा आकडे

मी सहा नंबरचा बीपी मॉनिटर बोलतोय. लंडनमधल्या ईलिंगच्या एका जीपी सर्जरीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याच्या कपाटात आम्ही दहा जण होतो. पट्टा दंडाला बांधा, बटण दाबा, मी आकडा दाखवतो. मला याहून जास्त काही येत नाही.

भारत-पाकिस्तानातून आलेल्यांना हृदयविकार लवकर गाठतो, तरी ही मंडळी तपासायला येईनात. म्हणून सर्जरी आम्हाला आठवडाभर घरी देऊ लागली. हे काम नर्स नतालीकडे होतं. तिची आजी मुंबईची ज्यू, त्यामुळे तिला मोडकंतोडकं मराठी यायचं.

जानेवारीत मी सुनीतीकाकूंकडे गेलो. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं होतं. दोन दिवसांत चार आकडे आले, सगळे एकशेसत्तरच्या आसपास.

"हळदीकुंकवाची धावपळ, दुसरं काय!" त्या नवऱ्याला, मोहनकाकांना म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि काकूंना मी दिसलो. "आल्याच आहात तर बीपी पण बघून घ्या गं! वरदा, तू बस आधी."

वरदा, ईशानी, तनू, सगळ्या तरण्याताठ्या. एकशेबारा, एकशेदहा, एकशेअठरा. काकू हौसेने पट्टा बांधत होत्या. त्यांचं स्वतःचं मोजायचं राहिलं. पुढे आवराआवरीत आठवडाही संपला.

नतालीने माझी मेमरी उघडली. पंधरा आकडे, सरासरी एकशेएकोणतीस. एकेक आकडा तिने पाहिला नाही. "एकदम नॉर्मल, आंटी! Well done!" काकू खूश झाल्या. अकरा पाहुण्यांचं सांगावं असं त्यांना वाटलं नाही, आणि नतालीने विचारलं नाही. मी टेबलावरच होतो. माझ्या पडद्यावर फक्त आकडे उमटतात.

नऊ दिवसांनी काकूंना हार्ट अटॅक आला. त्या वाचल्या, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला.

मोहनकाका सर्जरीत आले. "नॉर्मल म्हणाली होतीस ना गं? हळदीकुंकवाला तर सगळ्या बायकांचं नॉर्मल आलं होतं."

"सगळ्या बायका?" नतालीने मला ड्रॉवरमधून काढलं. बॅटरी उतरत आल्याने मला पुढे कुणाला दिलं नव्हतं, म्हणून ते आकडे अजून माझ्यात होते. तिने एकेक आकडा मागे नेला. पहिल्या चारांपाशी तिचं बोट थांबलं. "Sorry, अंकल. मी विचारला नाही," ती म्हणाली आणि रडली. मला वाईट वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

आता मशीन परत घेताना नताली आधी विचारते, "दुसऱ्या कोणी वापरली का?" मी मात्र आता कायमचा काकूंकडेच असतो. त्यांचा पलंग खाली आणलाय, जिना चढवत नाही.

यंदाही बायका आल्या. काकू पलंगावर बसून होत्या. वरदाने मला उचललं, पट्टा काकूंच्या दंडाला बांधला आणि बटण दाबलं. आकडा येईपर्यंत कुंकवाची कोयरी तशीच ठेवलेली होती.

माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी आला, तर एवढंच करा. पट्टा आधी स्वतःला बांधा, आणि त्याच्यात तुमचेच आकडे राहू द्या. पाहुणे थांबतील.