डाव्या हाताची थाप

"नीलम, जरा आयक बरं. आता येते का?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे डोमाजी, रॅकपाशी गुडघे टेकून बसले होते. पुस्तकाएवढे ते दोन स्पीकर. काल त्यांनी ते भिंतीला टेकवले होते, परवा दोन कोपऱ्यांत नेले होते. आज त्यांच्याखाली विटा आल्या होत्या आणि विटांवर जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे.

"येते न मामाजी," मी म्हटलं.

"काय येते? शब्द येते. माया डावा हात कुठी हाय?"

डावा हात म्हणजे ढोलकाची डावी, जाड घुमणारी थाप. मामाजींनी अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढली आणि तेवढीच वर्षं गायन पार्टीत ढोलक वाजवलं. त्या पार्टीचं एकच रेकॉर्डिंग उरलंय, एका बुद्धजयंतीचं. पेटीवाल्या मनोजने ते कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. कोरसमध्ये माझ्या सासूबाई आहेत, दुर्गाबाई. पावसाळ्यात त्या गेल्या. मामाजी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घराला कुलूप लावून एक ट्रंक आणि एक ढोलक घेऊन अमरावतीला आमच्याकडे आले. बापाचं मन रमावं म्हणून संघपालने, माझ्या नवऱ्याने, हे स्पीकर आणले.

मनोज रोज फोनवरून इलाज सांगायचा. "काका, एवढ्याश्या डब्यातून हत्ती निघन काय?"

"अबे, पैले पाच दिवस निघत होता न! मंग गेला कुठी?"

हत्ती कुठे गेला, ते मला माहीत होतं.

आमची मुलगी मैत्री सात महिन्यांची. दुपारी दीड तास झोपते. तो दीड तास म्हणजे दिवसभरातला माझा म्हणावा एवढाच वेळ. रेकॉर्डिंग लागलं की दार लावूनही धुम्‌ धुम्‌ भिंतीतून पाळण्यापर्यंत यायचं आणि ती दचकून उठायची. पाच दिवस मी सोसलं. सहाव्या दिवशी मामाजी आंघोळीला गेलेले असताना स्पीकरच्या मागे हात घातला. तिथे गोल भोक असतं, गाणं वाजताना त्यातून वारा येतो. मी दोन्ही भोकांत मैत्रीचा एकेक पिवळा मोजा कोंबला. धुम्‌ गेलं. गाणं राहिलं.

"मामाजी, दुपारी नका लावू," एवढंच तर म्हणायचं होतं. पण बायको जाऊन चार महिने झालेल्या माणसाला तिचा आवाज बंद करा कसं म्हणायचं? म्हणून मोजे कोंबले. मला ते चांगुलपणाचं वाटलं होतं, हे सांगतानाही आता लाज वाटते.

डिसेंबरात मामाजी स्वतःच म्हणाले, "स्पीकर चांगले हायत. मायेच कान गेले असतीन." संघपाल त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर चहा पिता पिता म्हणाला, "बारीक आवाज कमी येते म्हणे बाबाले. पाखराचे, मोबाइलच्या घंटीचे. जाडे आवाज एकदम बराबर."

मामाजी बशीत चहा ओतत होते. ओततच राहिले, बशी भरून सांडेपर्यंत. मी फडकं आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विटा उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या. त्यानंतर स्पीकरला त्यांनी हात लावला नाही. गाणं लावायचे, हळू आवाजात, आणि पेपर वाचत बसायचे. उन्हात बसून मैत्रीला तेल लावायचे, कपडे चढवायचे, तिच्याशी गप्पा मारायचे. मामाजी त्या नादातून सुटले, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं.

आठ दिवसांनी सकाळीच त्यांनी ढोलक खांद्याला अडकवलं. "अकोल्याले जाऊन येतो. हे मनोजच्या पोराईले देऊन टाकतो."

"कावून मामाजी?"

"कान गेले न व माय. वाजवनाऱ्याले सोताचं आयकू आलं पायजे."

जाडे आवाज बराबर आहेत, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "जेवून तं जा."

ते गेल्यावर मी धावत रॅकपाशी आले. संध्याकाळी ते परत येतील तेव्हा सगळं सांगायचं असं ठरवून भोकात बोटं घातली. हाताला लागलं ते जाड, लोकरीचं. ओढून काढलं तर मामाजींचा तपकिरी मोजा, टाचेला रफू केलेला. सासूबाईंच्या हातचा रफू. दुसऱ्या भोकात त्याचा जोडीदार.

मी वळून पाहिलं. पाळण्यात मैत्री पाय उडवत होती. दोन्ही पायांत पिवळे मोजे. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी मामाजीच तिला कपडे घालत होते, आणि आठ दिवस मी ते मोजे बघूनही पाहिले नव्हते.

दिवेलागणीला ते आले. हातात ढोलकाची रिकामी गवसणी, घडी घातलेली. मी त्यांच्यापुढे तपकिरी मोजे ठेवले.

"मामाजी, मी..."

"बस व. पोरीचे पाय गार पडून राहिले होते, म्हनून बदलले."

मला रडू आवरेना. काहीतरी करायचं म्हणून मी गाणं लावलं. कोरस आला, आणि त्याच्याखालून ती थाप. धुम्‌. रॅकवरची फुलपात्रं थरथरली. मामाजींचा डावा हात मांडीवरच्या गवसणीवर आपोआप पडला, एकदा, दोनदा. कापड नुसतं दबलं.

मग त्यांनी हात आवरला.

"कमी कर, माय," ते म्हणाले. "पोरगी उठन."