दुसऱ्यांदा आवळायचा पट्टा

न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरमध्ये माल बांधून द्यायचा, हा कमलाकरांचा धंदा. पनवेलला छोटं ऑफिस, बारा माणसं. असा माणूस मालबांधणीचं मानक ठरवणाऱ्या समितीवर बसायला पदरमोड करून दिल्लीला का जातो, हे त्यांच्या लेकीला, रुचिराला, कळत नसे. "आपण नसलो की मोठ्या कंपन्या आपल्या सोयीचे नियम लिहितात आणि आपण ते पाळत बसतो," ते सांगत. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं म्हणजे विठू. त्यांच्याकडे कामाला असलेला बेलपाड्याचा विठू मालाचे पट्टे आवळून झाले की माणसांना चहाला न्यायचा आणि परत येऊन तेच पट्टे पुन्हा आवळायचा. माल बसतो, पट्टा सैल पडतो, हे त्याच्या हाताला कळायचं. एका घाईच्या दिवशी कमलाकर त्याला चारचौघांत कामचुकार म्हणाले. विठू उरलेले पट्टे आवळून घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. महिनाभरात, चहाला न थांबता रवाना केलेल्या कंटेनरमध्ये एक यंत्र आडवं झालं, तेव्हा शेठचे डोळे उघडले.

बेलपाडा काही सातासमुद्रापार नाही. पण पाय निघेना. विठूची रीत आधी नियमात लिहून घेऊ, मग तो कागद घेऊन त्याच्या दारात जाऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. माफी मागायला माणूस किती लांबचा रस्ता धरतो बघा.

समितीत मोठ्या कंपनीचे सत्यजीत दर वेळी अडवायचे, "गाडी पंधरा मिनिटं उभी? खर्च कोण देणार?" कमलाकरांनी शंभर कंटेनरमधले पट्टे किती सैल पडतात याची मोजमापं पुढे ठेवली. दोन वर्षं गेली. त्यातच विठू तापाचं निमित्त होऊन वारला, आणि कमलाकरांना ते दहा दिवसांनी कळलं. त्यानंतर तर त्यांनी हट्टच धरला. अखेर कलम मंजूर झालं: पट्टे आवळल्यावर पंधरा मिनिटांनी ते सर्व पुन्हा आवळावेत.

छापील प्रत घेऊन ते बेलपाड्याला गेले. विठूच्या बायकोनं, हौसानं, कागद उलटसुलट पाहिला.

"यात ह्यांचं नाव कुठं हाय?"

"मानकात कुणाचंच नाव नसतं, वहिनी. पण आता सगळीकडे विठूसारखंच बांधतील."

तिनं कागदाची नीट घडी घातली.

"बरा झाला, शेठ. पन ते रोज सांजचे ओटीवर बसून वाट बगायचे ती तुमची. कागदाची नाय."