टाकीचं माप

कोळवण खोऱ्यातल्या वरच्या वाडीला पाणी सकाळी साडेसातलाच संपायचं. नवी गोल टाकी बांधून चार महिने झाले होते. तिच्यावर ठळक रंगवलं होतं, ‘क्षमता ५०,००० लिटर’.

ग्रामसभेत सरपंच इंद्रजितनं सांगून टाकलं, “टाकी पुरून उरंल एवढी हाय. वरच्या वाडीच्या बायका पाणी सांडत्यात.”

त्याच वाडीत ब्लाउज शिवणाऱ्या उषाच्या ते जिव्हारी लागलं. ती दोन हंड्यांवर दिवस काढत होती. सांडायला होतं काय?

टाकी धुवायला रिकामी केली, त्या दिवशी तिनं पदर खोचला आणि गळ्यातल्या टेपसकट शिडीनं आत उतरली. आडवं माप भरलं साठ इंची दोन टेप आणि वर चोवीस इंच, म्हणजे बारा फूट. पाणी चढतं तिथवरची उंची दहा फूट. घरी येऊन तिनं गणित मांडलं. त्रिज्या सहा. सहा गुणिले सहा, गुणिले बावीस सप्तमांश, गुणिले दहा. अकराशे एकतीस घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर. तीनदा केलं, तिन्ही वेळा बत्तीस हजारांच्या आसपासच आलं.

पुढच्या सभेत टाकीचं काम नीट झाल्याच्या ठरावाची वही सह्यांसाठी फिरली. उषानं वही मिटली.

“टाकी बत्तीस हजाराची हाय. मी सही करणार न्हाई.”

इंद्रजित हसला. “उषाताई, तुमचा टेप ब्लाउजचा. टाकी त्यानं मोजत्यात व्हय?”

“फूट ब्लाउजलाबी बारा इंचाचा आन् टाकीलाबी. पन्नास हजार म्हंजे दोनशे लिटरची अडीचशे पिंपं. हितं एकशे साठातच तळ दिसतोय. तुमी उतरून मोजा.”

“ठेकेदाराचे कागद हायेत.”

“कागदात पाणी ऱ्हात न्हाई.”

मागं बसलेल्या चंद्राबाईनं पेन खाली ठेवलं. मग गोजराबाईनं. वही बायकांतून कोरीच परत आली.

ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाल्यावर लोखंडी टेप घेऊन आत उतरला. आतूनच त्यानं आकडा सांगितला, “बारा फूट.”

ठराव रद्द झाला. दुसरी टाकी होईपर्यंत पाणी आधी वरच्या वाडीला सोडायचं ठरलं. ते वहीत लिहून झाल्यावर उषानं एकेक ओळ वाचली, आणि मगच सही केली.